कॉल सेंटरमधून यूजर रिसर्चकडे: काम नेमकं काय, आणि पुण्यात सुरुवात कशी करायची

प्रश्न थोडक्यात असा आहे: मानसशास्त्रात एम. ए., नंतर काही वर्षं एका बँकेच्या ग्राहक सेवा केंद्रात नोकरी, राहायला हडपसर. आता डिजिटल सेवांसाठी यूजर रिसर्चर, म्हणजे ॲप किंवा संकेतस्थळ वापरणारे ते कसं वापरतात आणि कुठे अडतात ते शोधणारा, व्हायचं आहे. महागडा कोर्स करावा का, अनुभव नसताना पोर्टफोलिओत काय दाखवायचं, हे लोक दिवसभर करतात तरी काय, आणि इंग्रजी बेताचंच असेल तर मराठीच्या जोरावर पुण्यात नोकरी मिळेल का?

कोर्सचा प्रश्न आधी मिटवून टाकू, कारण त्यात फार काही नाही. सहा-आठ आठवड्यांच्या ऑनलाइन प्रमाणपत्रातून परिभाषा कळते: पर्सोना (वापरणाऱ्याचं नमुन्यादाखल रंगवलेलं काल्पनिक चित्र), जर्नी मॅप, कार्ड सॉर्टिंग वगैरे. तुमची मुलाखत घेणाऱ्याला ती परिभाषा पाठच असते, त्यामुळे त्या कागदाचं त्याच्याकडे फारसं वजन नाही. ब्रिटनमध्ये २०११ साली स्थापन झालेल्या गव्हर्नमेंट डिजिटल सर्व्हिसचं सर्व्हिस मॅन्युअल इंटरनेटवर फुकट वाचता येतं. त्यातला यूजर रिसर्चचा भाग सबंध वाचून काढा, पहिल्या वर्षाला तेवढी पुस्तकी शिदोरी पुरते. लोणी काळभोरची एमआयटी इन्स्टिट्यूट ऑफ डिझाइन किंवा विमाननगरची सिम्बायोसिस इन्स्टिट्यूट ऑफ डिझाइन इथलं पूर्ण वेळ शिक्षण वेगळ्या कारणासाठी घ्यावं, म्हणजे डिझायनर व्हायचं असेल तर. नमुना निवड, प्रश्नावलीची वैधता, उत्तर देणाऱ्याचा कल हे सगळं एम. ए.ला होऊन गेलेलं आहे. आता हात बसायला हवा, आणि तो फी भरून बसत नाही.

आता काम. मॅनेजर म्हणतो, ‘जरा लोकांशी बोलून बघा, ॲप कसं वाटतंय.’ एवढ्यावर काम सुरू केलं की पंधरा दिवसांनी चाळीस स्लाइडचा अहवाल होतो, सगळे ‘छान’ म्हणतात आणि तो फोल्डरमध्ये जाऊन पडतो. म्हणून आधी त्यालाच विचारायचं: येत्या दीड महिन्यात या सेवेबद्दल काय ठरणार आहे, कोण ठरवणार आहे, आणि काय कळलं तर तुमचं मत बदलेल? समजा उत्तर आलं, ‘नोंदणीला आधारचा ओटीपी सक्तीचा ठेवायचा की दुसरा पर्याय द्यायचा, हे ठरायचंय.’ झालं, प्रश्न हाती आला. आधारला जोडलेला नंबर बंद पडलाय, किंवा तो नवऱ्याच्या अथवा मुलाच्या खिशातल्या फोनचा आहे, अशी माणसं त्या पायरीवर नेमकं काय करतात? हे सहा जणांकडे बसून पाहता येतं, आणि पाहिल्यावर निर्णय इकडचा तिकडे होऊ शकतो. तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर ‘काहीही कळलं तरी आम्ही हेच करणार’ असं असेल तर तो अभ्यास नम्रपणे टाळावा. नव्या माणसाला हे जड जातं, पण या पेशात वरिष्ठ-कनिष्ठ ठरतं ते बरंचसं इथेच.

सहा जणांच्या एका फेरीला साधारण दहा कामाचे दिवस लागतात. एक दिवस वरचा प्रश्न ठरवण्यात आणि घरातच असलेली माहिती चाळण्यात: तक्रारींच्या नोंदी, ॲनालिटिक्स (ॲपच्या वापराचे आकडे), आधीचे अहवाल. एक दिवस मुलाखतीचा आराखडा आणि त्याची एक रंगीत तालीम. दोन-तीन दिवस प्रत्यक्ष भेटी, दिवसाला दोन, फार तर तीन. चौथ्या भेटीत कान ऐकतात पण डोकं नोंद घेत नाही. मग दोन-तीन दिवस विश्लेषण आणि एक-दोन दिवस मांडणी. माणसं मिळवण्याचं काम या सगळ्याच्या बाजूने चालू असतं, आणि सगळ्यात जास्त वेळ तेच खातं. म्हणजे लोकांशी बोलणं दहा दिवसांत जेमतेम सहा तास. ‘मला माणसांशी बोलायला आवडतं’ एवढ्याच कारणाने या क्षेत्रात येणाऱ्यांचा इथे हिरमोड होतो.

पोर्टफोलिओसाठी ग्राहक कंपनीची वाट बघू नका. पुण्यात बसल्या जागी विषय आहेत. एक घेऊ: स्वतः राहत असलेल्या घराला महापालिकेच्या मिळकतकरात मिळणारी ४० टक्के सवलत आणि तिच्यासाठीचा पीटी-३ अर्ज. २०२३ मध्ये ही सवलत पुन्हा लागू झाली तेव्हा शहरातल्या घराघरांत या अर्जाची चर्चा होती. विषय छोटा आहे, पण त्यात मालकी, पुरावे, बदललेली नावं, ऑनलाइन आणि क्षेत्रीय कार्यालय अशा दोन्ही वाटा असं सगळं येतं.

कोणाला भेटायचं हे वयावरून किंवा ‘मध्यमवर्गीय’ असल्या गटांवरून ठरवू नका, परिस्थितीवरून ठरवा. दोघं असे की स्वतःच्या घरात राहतात, वय साठीच्या पुढे, बिल अजून कागदावरच बघतात. दोघं असे की गेल्या दोन वर्षांत फ्लॅट घेतला आणि बिलावर अजून बिल्डरचं किंवा आधीच्या मालकाचं नाव आहे. एक जण असा की घर वडिलांच्या नावे, वडील वारले आणि वारसनोंद व्हायची आहे. आणि एक जण दुसऱ्यांचे अर्ज भरून देणारा: सोसायटीचा सचिव, महा ई-सेवा केंद्रातला ऑपरेटर किंवा सगळ्या नातेवाइकांचा हक्काचा भाचा. ही सहावी व्यक्ती बहुतेक अभ्यासांत राहून जाते. आपल्याकडे डिजिटल सेवा वापरणारा आणि जिच्या नावाने ती वापरली जाते ती व्यक्ती अनेकदा वेगळी असते. हे ध्यानात न घेतलेला अभ्यास कागदावर स्वच्छ दिसतो आणि प्रत्यक्षात निम्मं चित्र सोडून देतो.

माणसं शोधताना पुण्यातला नेहमीचा सापळा म्हणजे स्वतःच्या सोसायटीचा व्हॉट्सॲप ग्रुप. बाणेरच्या ग्रुपवर आवाहन टाकलं की तासाभरात दहा जण तयार होतात, आणि त्यातले आठ आयटीतले निघतात. ते स्क्रीनवर काय अडलं ते सांगण्याऐवजी बटण कुठे हवं होतं ते सांगू लागतात. त्यापेक्षा येरवडा, जनता वसाहत, मंडई, हडपसर गावठाण इथे ओळखीच्या माणसामार्फत जा. चाकणच्या कारखान्यातल्या कामगाराला शिफ्ट विचारून वेळ द्या. पेठेतल्या दुकानदाराला दुपारी १ ते ४ फोन करू नका, कारण सांगायला नकोच.

निवडीसाठी फोनवर विचारायचे प्रश्न, ज्याला स्क्रीनर म्हणतात, त्यात हवं ते उत्तर उघड होऊ देऊ नये. ‘तुम्ही ऑनलाइन कर भरता का?’ असं विचारलं की भेटवस्तूच्या आशेने सगळे ‘हो’ म्हणतात. ‘गेल्या सहा महिन्यांत यातलं काय काय केलंत?’ असं विचारून वीजबिल, गॅस बुकिंग, मिळकतकर, रेल्वे तिकीट, फास्टॅग अशी यादी वाचून दाखवा. सहा हवे असतील तर आठ जण पक्के करा; दोघं येत नाहीतच. आदल्या संध्याकाळी आणि निघण्याआधी तासभर, असे दोन फोन करा. मानधन तासाभराला ५०० ते १,००० रुपये धरा, सगळ्यांना सारखंच द्या, त्याच दिवशी द्या, आणि कोणी अर्ध्यावर उठलं तरी पूर्ण द्या. सरकारी कर्मचाऱ्याला कामाच्या संदर्भात भेटत असाल तर पैसे देऊ नयेत. परवानगीचं पत्र आधी घ्यावं.

प्रत्यक्ष बोलण्याचा सगळ्यात उपयोगी नियम: काय हवंय ते विचारू नका, मागच्या वेळी काय घडलं ते विचारा. ‘अशी सोय असती तर वापरली असती का?’ याला आपल्याकडे नकार मिळत नाही. पाहुण्याला चहा देणारा माणूस त्याच्या ॲपला नावं कशी ठेवणार? त्याऐवजी: ‘शेवटचं बिल कधी भरलंत? त्या दिवशी पहिल्यापासून काय काय केलंत ते सांगा.’ ‘बिल कुठे ठेवता? दाखवाल का?’ ‘अडलं तेव्हा फोन कोणाला केलात?’ ती फाइल समोर आली की निम्म्या गोष्टी न विचारता कळतात: कुठल्या कागदावर पेनाने मिळकत क्रमांक लिहून ठेवलाय, कुठल्या पावतीची झेरॉक्स तीनदा काढलीय, कुठे आडनाव लग्नाआधीचं आहे.

फोनवर अर्ज भरायला सांगाल तेव्हा तो त्यांच्याच फोनवर भरू द्या. तुमच्या चकचकीत टेस्ट फोनवर अक्षर मोठं केलेलं नसतं, स्टोरेज भरलेलं नसतं, कीबोर्डही वेगळा असतो. समोरासमोर बसू नका, शेजारी थोडं तिरपं बसा, म्हणजे हात आणि स्क्रीन दोन्ही दिसतात. ‘हे दाबू का?’ असा प्रश्न येणारच. त्यावर ‘दाबलं तर काय होईल असं वाटतं?’ एवढंच म्हणायचं. माणूस अडला की लगेच मदतीला धावू नका, मनात पाचपर्यंत मोजा. कॉल सेंटरमधून आलेल्यांना इथे फार त्रास होतो, कारण तिथे फोनवरची शांतता म्हणजे चूक असते. इथे त्याच शांततेत माणूस खरं बोलतो. सेशन संपवून वही मिटल्यावर, चपला घालताना जे बोलणं होतं तेही ऐका. घरी परतताना रिक्षातच लिहून टाका.

आईंशी बोलत असताना मुलगा उत्तरं देऊ लागला तर त्याला गप्प करू नका, घरात वाईट दिसतं. नोंदी घेणाऱ्या सहकाऱ्याने त्याला बाजूला घेऊन ‘तुम्ही आईंना कुठे कुठे मदत करता?’ हा वेगळा विषय काढावा. आईंचं बोलणं मोकळं होतं आणि मदतनिसाची बाजूही हाती लागते. म्हणूनही फील्डवर दोघांनी जावं. दुसरं कारण सुरक्षेचं: अनोळखी घरी एकटं जाऊ नये, आणि कुठे आहात ते ऑफिसमध्ये कोणाला तरी कळलेलं असावं.

संमतीपत्र हा विषय नवखे लोक शेवटच्या क्षणी आठवतात. डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा २०२३ मध्ये आला. त्यानुसार संमती मोकळेपणाने दिलेली, विशिष्ट कारणासाठी आणि समजून घेतलेली हवी, आणि ती मागे घेणं देण्याइतकंच सोपं हवं. संमतीची सूचना इंग्रजीत किंवा आठव्या अनुसूचीतल्या भाषेत वाचायचा पर्याय द्यावा लागतो, म्हणजे मराठी मागितली तर मराठी दिलीच पाहिजे. १८ वर्षांखालील मुलांसाठी पालकांची पडताळणीयोग्य संमती लागते. कॉलेजच्या पहिल्या वर्षातल्या मुलांना घेताना हे विसरलं जातं. व्यवहारात संमतीपत्र एका पानाचं आणि साध्या मराठीत असावं, आणि मोठ्याने वाचून दाखवावं. त्यात काय रेकॉर्ड होणार, कोण बघणार, किती दिवस ठेवणार, आणि कधीही थांबता येतं, या चार गोष्टी हव्यातच. वाचता न येणाऱ्याची तोंडी संमती रेकॉर्ड करा. स्क्रीन रेकॉर्डिंग सुरू करण्याआधी फोनच्या सूचना बंद करायला सांगा, नाहीतर ओटीपी, बँकेचे मेसेज आणि घरगुती भांडणं सगळं व्हिडिओत येतं. आधार क्रमांक दिसला असेल तर तो भाग त्याच दिवशी झाका किंवा उडवा.

नोंदींची शिस्त अशी: पाहिलेलं आणि तुम्हाला वाटलेलं एका वाक्यात मिसळायचं नाही. ‘पी३ने मालकाच्या नावापाशी थांबून बिल पुन्हा उघडलं, म्हणाल्या: इथे यांचं नाव टाकू की माझं?’ ही नोंद झाली (पी३ म्हणजे तिसऱ्या सहभागी; नावाऐवजी असा क्रमांक लिहितात). ‘पी३ गोंधळल्या’ हा तुमचा निष्कर्ष आहे, तो वेगळ्या रकान्यात. प्रत्येक भेटीनंतर पंधरा मिनिटं दोघांनी बसून काय नवं दिसलं तेवढं बोला. तासाभराच्या भेटीतून चाळीस-पन्नास नोंदी निघतात, सहा जणांच्या मिळून अडीचशे-तीनशे. त्या चिठ्ठ्यांवर किंवा ऑनलाइन बोर्डवर मांडून गट करायचे. हे गट मुलाखतीतल्या प्रश्नांनुसार केले तर आपलीच प्रश्नावली आपल्याला परत मिळते. एकमेकींशेजारी ठेवाव्याशा वाटणाऱ्या नोंदी आधी ठेवा, नाव शेवटी द्या.

निष्कर्षाचं वाक्य कोण, कुठल्या परिस्थितीत, काय करतं, का, आणि त्याने काय होतं, असं पूर्ण हवं. उदाहरण म्हणून बनवलेलं: ‘ज्यांच्या बिलावर आधीच्या मालकाचं नाव आहे ते नावाच्या रकान्यात स्वतःचं नाव टाकतात, कारण अर्जदार आपणच असं ते समजतात, मग नोंद जुळत नाही आणि ते अर्ज सोडून कार्यालयात जातात.’ पुढे ‘दोघांपैकी दोघं’ असं लिहा. सहा जणांच्या अभ्यासात टक्केवारी लिहिली की जाणकार वाचक उरलेला अहवाल वाचत नाही.

मग पाचच जणांत काम होतं असं म्हणतात ते? वापरसुलभतेचे तज्ज्ञ जेकब नीलसन यांनी २००० साली मांडलेला हिशोब असा: एखादी अडचण सरासरी ३१ टक्के लोकांना येत असेल तर पाच जणांत अशा अडचणींपैकी सुमारे ८५ टक्के दिसतात. गणित बरोबर आहे, वापर चुकतो. जी अडचण दहातल्या एकालाच येते ती पाच जणांत एकदा तरी दिसण्याची शक्यता फक्त ४१ टक्के. आणि हे सगळं एकाच प्रकारच्या लोकांपुरतं आहे. वारसनोंद रखडलेला आणि नवा फ्लॅट घेतलेला हे दोन वेगळे प्रकार झाले. त्यामुळे वर सांगितलेली सहा जणांची रचना परिस्थिती समजून घ्यायला ठीक आहे. अर्जातल्या चुका शोधायच्या तर प्रत्येक गटाचे पाच घ्या, चुका दुरुस्त करा, आणि पुन्हा पाच घ्या.

‘किती लोकांना’ हा प्रश्न असेल तर सर्वेक्षणच लागतं, किंवा सर्व्हरच्या नोंदी. ९५ टक्के विश्वासपातळी आणि अधिक-उणे ५ टक्के फरकासाठी जो ३८४ चा आकडा सगळे सांगतात तो यादृच्छिक नमुन्यासाठी आहे, म्हणजे जिथे प्रत्येकाला निवडलं जाण्याची सारखी संधी असते. फॉरवर्ड होत गेलेल्या गूगल फॉर्मला दोन हजार उत्तरं आली तरी तो यादृच्छिक होत नाही. वापरसुलभता मोजायला सिस्टीम युजेबिलिटी स्केल नावाची दहा विधानांची प्रश्नावली आहे, जॉन ब्रूक यांनी १९८६ साली केलेली. प्रत्येक विधानाला १ ते ५ गुण; विषम विधानांच्या गुणांतून १ वजा, सम विधानांचे गुण ५ मधून वजा, बेरीज करून अडीचने गुणायचं. ६८ च्या आसपास सरासरी धरतात. विधानं एकाआड एक सरळ आणि उलटी आहेत, त्यामुळे सगळ्यालाच भिडेखातर ‘सहमत’ म्हणणाऱ्याचे बरोबर ५० येतात. असे एकसुरी फॉर्म आधी वेगळे काढा, नाहीतर ती भीड तुम्ही सेवेचा दर्जा म्हणून छापाल.

सुलभतेचा, म्हणजे दिव्यांगांना सेवा वापरता येते का याचा भाग पोर्टफोलिओत असेल तर तो आज खरोखर उठून दिसतो. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम २०१६ चा आहे, सरकारी संकेतस्थळांसाठीची मार्गदर्शक तत्त्वं, जीआयजीडब्ल्यू, २०२३ मध्ये तिसऱ्या आवृत्तीत आली, आणि एप्रिल २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने डिजिटल केवायसीच्या प्रकरणात डिजिटल सेवांपर्यंत पोहोचणं हा अनुच्छेद २१ खालच्या जगण्याच्या हक्काचा भाग मानला. त्यामुळे बँका आणि फिनटेक (ॲपवरून वित्तसेवा देणाऱ्या) कंपन्यांत हा विषय आता कायदा विभागातून प्रॉडक्ट टीमकडे येतोय. स्क्रीन वाचून दाखवणारी अँड्रॉइडचं टॉकबॅक आणि संगणकावरचं एनव्हीडीए ही दोन्ही साधनं फुकट आहेत. डोळे मिटून एक अर्ज भरायला शिका. मात्र त्याला अंध व्यक्तीसोबतच्या चाचणीचा पर्याय समजू नका. रोज वापरणाऱ्याचा वेग आणि युक्त्या तुमच्याकडे नसतात.

मांडणीबद्दल थोडक्यात: एक पान, त्यावर तीन ते पाच निष्कर्ष, प्रत्येकापुढे सुचवलेला बदल, जबाबदार व्यक्ती आणि तारीख. सोबत मिनिट-दीड मिनिटाच्या दोन क्लिप. वादावादी थांबवण्यात क्लिपचा हात कोणी धरत नाही. त्याहून बरं म्हणजे डेव्हलपर आणि मॅनेजरना भेटीलाच बसवणं. गव्हर्नमेंट डिजिटल सर्व्हिसने टीममधल्या प्रत्येकासाठी दर सहा आठवड्यांत किमान दोन तास यूजरना प्रत्यक्ष पाहण्याचा दंडक घातला होता. त्यांना अट एकच घाला: बोलायचं नाही, लिहायचं.

रेकॉर्ड केलेलं बोलणं लिहून काढणारी एआय साधनं वापरा, वेळ वाचतो. पण मराठी, हिंदी, इंग्रजी मिसळून चाललेल्या बोलण्यात ती नावं, आकडे आणि ‘नाही’ हे तीन हमखास चुकवतात. ‘जमलं नाही ना’चं ‘जमलं ना’ झालं की निष्कर्षच उलटतो, म्हणून वापरणार ते प्रत्येक अवतरण मूळ आवाजाशी ताडून घ्या. आवाज बाहेरच्या सर्व्हरवर जाणार असेल तर ते संमतीपत्रात लिहिलेलं हवं. एआयलाच ‘५५ वर्षांची गृहिणी’ बनवून तिची मुलाखत घेण्याची फॅशन आलीय. आराखड्याची तालीम म्हणून ठीक, पुरावा म्हणून शून्य.

आता पुण्यातली बाजारपेठ. निव्वळ ‘यूजर रिसर्चर’ या नावाच्या जागा कमी असतात. यूएक्स रिसर्चर, डिझाइन रिसर्चर, कस्टमर इनसाइट्स, सर्व्हिस डिझाइन अशा नावांनीही शोधा. हिंजवडी, खराडी, मगरपट्टा इथल्या परदेशी कंपन्यांच्या केंद्रांत यूजर बहुधा अमेरिका-युरोपातले असतात, भेटी व्हिडिओ कॉलवर संध्याकाळी सहानंतर, सगळं इंग्रजीत. पगार तिथे चांगला, पण इंग्रजी बेताचं असताना पहिली नोकरी म्हणून अवघड. तुमच्यासाठी सरळ वाट म्हणजे भारतीय ग्राहकांसाठी काम करणाऱ्या जागा: कर्ज आणि विम्याच्या फिनटेक, शेतीविषयक सेवा, आरोग्य, सरकारी प्रकल्पांचे पुरवठादार, आणि मोठ्या कंपन्यांना फील्डवर्क करून देणाऱ्या संशोधन एजन्सी. इथे मंचर किंवा शिरूरच्या शेतकऱ्याशी त्याच्या बोलीत बोलता येणं ही नोकरी मिळण्याइतकी मोठी गोष्ट आहे. अहवाल मात्र इंग्रजीतच जातो. त्यासाठी छोट्या, साध्या वाक्यांचं इंग्रजी पुरतं. लोकांच्या बोलण्याची अवतरणं मूळ मराठीत ठेवा आणि खाली भाषांतर द्या. एजन्सीतले वरिष्ठ हे आवर्जून बघतात.

तुमचं खरं भांडवल ग्राहक सेवा केंद्रातला अनुभव आहे. तक्रारींचे कोड कसे टाकले जातात, ‘इतर’ या कोडखाली काय काय ढकललं जातं, ग्राहक अडचण सांगताना खरं कारण कुठे लपतं, हे बाहेरच्या रिसर्चरला शिकायला महिने जातात. शक्य असेल तर नोकरी न सोडता त्याच संस्थेच्या डिजिटल टीमला महिन्याच्या कॉलचं एक पानी विश्लेषण करून द्यायची तयारी दाखवा. आतल्या आत बदली ही या पेशात येण्याची सगळ्यात कमी बोलली जाणारी वाट आहे. त्यातला एकही कॉल, स्क्रीनशॉट किंवा आकडा पोर्टफोलिओत मात्र घालू नका. गोपनीयता मोडणारा उमेदवार पुढे आपलीही मोडेल, हे समोरचा लगेच ताडतो.

पोर्टफोलिओत दोन अभ्यास पुरेत, प्रत्येकी आठ-दहा स्लाइड. ठरायचा निर्णय काय होता, हीच पद्धत का, कोणाला भेटलात आणि कोण राहून गेलं, आराखड्याचं एक पान, नाव झाकलेल्या नोंदींचं एक पान, त्या नोंदींतून निष्कर्ष कसा निघाला, आणि तुम्ही काय बदल सुचवलात. चकचकीत पर्सोना नकोत. कच्च्या नोंदींचं पान बहुतेक उमेदवार लपवतात, आणि मुलाखत घेणाऱ्याला तेच बघायचं असतं.

मुलाखतीत एक तोंडी कोडं देतात: ‘आमच्या ॲपवर केवायसी अर्ध्यावर सोडणारे वाढलेत, काय संशोधन कराल?’ लगेच ‘दहा मुलाखती घेईन’ म्हणू नका. कधीपासून वाढले, कुठल्या पायरीवर, त्या सुमाराला काय बदललं, कॉल सेंटरकडे काय येतंय, हे आधी विचारा. मग म्हणा की यातून कारण कळलं तर मुलाखतींची गरजच नाही. नाही कळलं तर त्याच पायरीवर अडलेल्या पाच-सहा जणांकडे जाऊन बसेन.

पुढची वाट कशी असते त्याचा अंदाज ब्रिटिश सरकारच्या श्रेणींवरून येतो: असोसिएट, यूजर रिसर्चर, सीनिअर, लीड आणि हेड. पहिल्या पायरीवर दुसऱ्याने आखलेली फेरी नीट पार पाडायची. दुसरीवर एका टीमचं संशोधन स्वतः चालवायचं. तिथून वर हळूहळू भेटी कमी होत जातात आणि कुठला अभ्यास करायचा नाही, कुठला आधीच झालेला आहे, कोणाला कुठे शिकवायचं, हे काम वाढतं. भेटी सोडवत नसतील तर एजन्सीत किंवा स्वतंत्रपणे काम करणारेही बरेच आहेत. स्वतंत्र काम करताना भाव भेटींच्या संख्येवर लावू नका, दिवसांवर लावा: सहा भेटी म्हणजे दहा दिवस, आणि मानधन, प्रवास, बोलणं लिहून काढणं हा खर्च वेगळा, आगाऊ. सहा भेटी म्हणजे तीन दिवस असं समजून दर देणारे पहिल्याच कामात पदरचे पैसे घालतात.

आणि नोकरीची ऑफर हातात आली की सही करण्याआधी तुम्हीही तीन प्रश्न विचारा. मागच्या अभ्यासामुळे काय बदललं? सहभागींच्या मानधनाचं बजेट कोणाच्या हातात आहे? टीममधल्या कोणी गेल्या महिन्यात एखादी भेट प्रत्यक्ष पाहिली का? पहिल्याला ‘संशोधन आम्ही डिझाइन पक्कं झाल्यावर खात्रीसाठी करतो’ असं उत्तर आलं, आणि मानधनासाठी दर वेळी वेगळी मंजुरी लागते असं कळलं, तर तिथे तुम्हाला वर्षभर अहवाल लिहावे लागतील आणि पुढच्या पोर्टफोलिओत घालायला काही मिळणार नाही. दुसरी ऑफर येईपर्यंत ग्राहक सेवा केंद्रातली नोकरी चालू ठेवणं त्यापेक्षा परवडतं.